बळवंतमामांची रिटर्न फेरी

शिवणाच्या वर्गात घंटा असते हे मला बळवंतमामांच्या घरी कळलं. शाळेतली घंटा नव्हे, एस.टी.तली. बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटा त्यांनी घराच्या पुढच्या सोप्याच्या तुळईला टांगली होती आणि तिची सुतळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढून खिळ्याला बांधली होती. शाळा सुटली की गल्लीतली पोरं तिथं जमायची आणि जमिनीवर पसरलेल्या वाकळेच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कडांना मांडी घालून बसायची. मामा सगळ्यांवरून नजर फिरवायचे, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय," म्हणायचे आणि सुतळीला दोन हिसके द्यायचे. डबल बेल झाली की सगळ्या सुया एकदम कापडात शिरायच्या. एकच हिसका म्हणजे गाडी थांबली. बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोटात सुई गेलेली असायची, नाहीतर कुणाला तरी बाहेर जायचं असायचं.

मामा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. निम्मी नोकरी त्यांनी कोल्हापूर-मुरगूड गाडीवर काढली आणि बायकोही त्यांना मुरगूडचीच मिळाली. सारा जन्म उभ्यानं गेल्यामुळे घरातही ते सहसा बसत नसत. बसलेच, तर एका हातानं खांब धरून बसत, जणू पुढं वळण आहे. माणसाला ते माणूस म्हणून बघत नसत, प्रवासी म्हणून बघत. दारात कुणी घोटाळत उभं राहिलं तर "चढणार हायसा का उतरणार?" असं विचारत. आमच्या सासूबाई वारल्या तेव्हाही ते भेटायला आले, मोठ्या आदरानं हात जोडले आणि म्हणाले, "आपल्या थांब्यावर उतरल्या. तरास झाला न्हाई, ह्ये बरं झालं." आमचे हे त्याही स्थितीत पंच्याच्या आड तोंड लपवून हसले होते.

असा माणूस निवृत्तीनंतर पोरांना शिवण शिकवायला लागला, याचं गल्लीला नवल वाटलं नसतं तरच नवल. त्यांना स्वतःला शिवण येत होतं असंही नाही. त्यांची बोटं तिकिटं फाडण्यात घडलेली. सुईत दोरा ओवायचा तर डोळे बारीक करून, जीभ बाहेर काढून ते इतका वेळ घेत की शेवटी एखादी पोरगीच सुई त्यांच्या हातातून काढून घ्यायची. शिकवायच्या त्या मामी. मामी वाकळेच्या वरच्या अंगाला भिंतीला टेकून बसलेल्या असत. बोलणं थोडं. पोरीचं मनगट आपल्या हातात धरत आणि तिच्याच हातानं सुई खाली-वर, खाली-वर चालवत नेत. पोरीनं मध्येच लांब टाका टाकला तर मनगटावर एक चापटी बसे. मग मामा त्या चापटीचा अर्थ सगळ्या गाडीला समजावून सांगत. टाका साध्या गाडीगत घालायचा, परत्येक गावाला थांबत. एक्स्प्रेस पायजे त्यानं मशीनवर जावं.

दोरा संपला की त्यांच्या भाषेत डिझेल संपे. दोऱ्याला पीळ पडून गाठ झाली की गाडी घाटात अडके. खिडकीजवळच्या कडेवरून रोज भांडणं होत, आणि मामा त्यांचा निवाडा अशा गांभीर्यानं करत की भांडणारी पोरं निकाल ऐकायच्या आधीच गार पडत. मामी या गोंधळाकडे कौतुकानं बघत आणि अधूनमधून त्यांना हाक मारत, "पावणं, जरा कातर द्या की." नवऱ्याला परक्या माणसासारखं पावणं म्हणायचं, ही मला त्या दोघांतली जुनी थट्टा वाटायची. मी एकदा घरी आमच्या ह्यांना तशी हाक मारूनही पाहिली. त्यांनी पेपरातून डोकं वर केलं नाही.

वाकळ कशी शिवतात हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची आणि बाहेरच्या कडेनं धावदोरा घालत निघायचं. एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. असं करत करत शिवणारे हात मध्याकडे सरकतात आणि शेवटी बरोबर मधोमध तळहाताएवढी जागा उरते. तिला वाकळेचं पोट म्हणायचं. ते पोट शिवून बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा एक घास आणि गुळाचा खडा ठेवायचा. मामी पोरांना सांगायच्या, वाकळ उपाशी ठेवली तर ती माणसाला ऊब कुठून देणार. पोरांना हे फार आवडायचं. वाकळ कधी एकदा जेवते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असायचे, कारण वाकळेबरोबर आपल्यालाही गूळ मिळणार हे त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

पण ती वाकळ काही जेवत नव्हती. पोरं शिवत शिवत चार-सहा फेरे आत गेली की एक दिवस मामा जाहीर करत, "आज रिटर्न फेरी." मग डबल बेल होई आणि सगळी पोरं, शिवलेलं सगळं उसवायला बसत. कुणी कुरकुर केलीच तर मामांचं उत्तर ठरलेलं होतं. गेलेली गाडी डेपोला परत आणायची का नको? त्या दिवशी मामी सोप्यात नसत. मामा त्यांना आत चुलीपुढे शेंगा फोडायला बसवत आणि मधलं दार लोटून घेत.

आमची सुमी तेव्हा दुसरीत होती. मी तिला तिथं घातलं ते निदान परकराची टीप तरी घालता येईल म्हणून. मला स्वतःला शिवणाचं वावडं. बटण तुटलं तर मी टाचणी लावते. म्हटलं, पोरीला तरी हात वळू दे. वर्ष झालं. सुमी साधा हातरुमालही शिवून आणेना. मात्र उसवण्यात ती अशी तरबेज झाली की घरातली एक शिवण सुरक्षित राहिली नाही. उशीचे अभ्रे गेले, पिशव्यांचे बंद गेले. एका लग्नाला निघताना माझ्या पोलक्याची बाही खांद्यापासून सुटून हातात आली. विचारलं तर म्हणाली, तुला घट्ट होत होतं ना, म्हणून रिटर्न केलं. नुसती आमचीच नव्हे, गल्लीतली सगळीच पोरं बिघडली होती. माझं डोकं फिरलं आणि तशीच एका बाहीनिशी, वरून शाल घेऊन मी बळवंतमामांकडे भांडायला गेले.

मामांनी मला सोप्यात बोलू दिलं नाही. परसात शेवग्याखाली नेलं. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अगदी सावकाश म्हणाले, "सुमीची आई, तुमची सुमी लई वाईट टाका घालती. तसली पोरगी मला शोधून सापडली नसती."

मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. पण मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला शाल नीट करायचंही भान राहिलं नाही.

मामींचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी आमटीत दोनदा मीठ पडायचं. मग शेजारणींची नावं गेली. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं आणि शक्तीची गोळी दिली. पुढे एक दिवस मामा मंडईतून घरी आले, तर मामींनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि दारातच विचारलं, "कोण पायजे तुमास्नी? घरात गडीमाणूस न्हाई." तेव्हापासून ते पावणं झाले. थट्टा नव्हतीच ती.

उन्हं कलली की मामी उठायच्या आणि म्हणायच्या, मला घरला सोडा. दार लावलं तर दारावर डोकं टेकून रडायच्या. एकदा मामांचा डोळा चुकवून गेल्या, त्या स्टँडवर मुरगूडच्या गाडीत बसलेल्या सापडल्या. मामांच्या जुन्या सोबत्यानं ओळखलं म्हणून परत आल्या. मुरगुडात आता त्यांचं कुणी नव्हतं. आईवडील कधीच गेले होते, भाऊ घर विकून जयसिंगपूरला राहायला गेला होता. मामा बोलता बोलता शेवग्याची साल नखानं सोलत होते. म्हणाले, साऱ्या आयुष्यातलं काही तिला आठवत नाही, आठवतं ते माहेर. मी तिच्या डोक्यातनं पार पुसून गेलो. त्याचं दुःख आजारापेक्षा जास्त होतं, हे मला त्यांच्या आवाजात कळलं.

एका गोष्टीपुढे मात्र मामी घर विसरायच्या. तरुणपणी त्या लोकांच्या घरी जाऊन वाकळा घालून देत. त्यांच्या हातच्या वाकळेला आसपासच्या गल्ल्यांत नाव होतं. मामी घरला सोडा म्हणून हटून बसल्या असताना एकदा मामांना सुचलं आणि त्यांनी जुनी लुगडी काढून पुढ्यात टाकली. परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "बाई, आमची वाकळ तेवढी पुरी करून जावा." मामी मुकाट्यानं बसल्या. काम अर्धं टाकून त्या कधी कुणाच्या घरून उठल्या नव्हत्या. रात्री झोपल्या, सकाळी उठून परत वाकळेशी बसल्या. मामांना वाटलं, सुटलो. पण मामींचं डोकं गेलं होतं, हात गेला नव्हता. त्या भराभर शिवायला लागल्या आणि वाकळ पोटाशी आली. पोट बंद झालं की बाई उठून चालू लागणार. मामांना एकट्याला तेवढ्या वेगानं उसवता येईना. म्हणून त्यांनी गल्लीतली पोरं गोळा केली. लहान, वेंधळी, टाका चुकणारी पोरं. पोरांनी घाण करायची, मामींनी ती निस्तरायची, आणि वाकळ कधी संपू द्यायची नाही.

मी भांडायला गेले होते आणि शेवग्याखाली उभी राहून रडले. मामांनी मला पाणी आणून दिलं आणि वर विचारलं, सुमीला उद्या पाठवणार ना. मी तिला रोज वेळेवर पाठवू लागले. जमेल तितकं वाईट शिव असं तिला सांगावं असं वाटायचं, पण आईच्या तोंडून ते निघेना. तसंही सुमीला सांगायची गरज नव्हती.

धोका होता तो नसीमचा. नसीम ही कोपऱ्यावरच्या टेलरची मुलगी. बापाच्या मांडीवर बसून कापडाच्या चिंध्यांशी खेळलेली, तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि सरळ. मामी तिच्यावर खूश आणि मामा तिच्यापुढे हवालदिल. "नसीमबाई, तुम्ही ह्या गाडीच्या चेकर" असं म्हणून ते तिला दुसऱ्यांच्या सुया ओवायला लावत, कातर शोधायला पाठवत, गाठी सोडवायला बसवत. बिचारीचा समज असा झाला की मामांना आपलं शिवण पसंत नाही. आणि मामा सारखं उसवायला लावतात ते पोरांचे टाके वाकडे म्हणून, अशी तर सगळ्याच पोरांची खात्री होती. त्यांनी पोरांच्या डोक्यानं त्यावर उपाय काढला. मामा नसताना चांगले टाके घालायचे, वाकळ पुरी करायची आणि मामांना खूश करून टाकायचं.

थंडीचे दिवस होते. रॉकेल आल्याची बातमी आली आणि मामा डबा घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले. जाताना मला हाक मारून, जरा लक्ष ठेवा म्हणाले. मी दोनदा डोकावून आले. पोरं इतकी शांत बसून शिवत होती की मला बरंच वाटलं. वाकळ त्या वेळी पोटाशी आलेली होती आणि दुसऱ्या दिवशी रिटर्न फेरी ठरली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमाराला सुमी धावत आली. मामी बोचकं बांधून दारात उभ्या आहेत म्हणाली. मी पोचले तेव्हा मामाही रॉकेलचा डबा घेऊन उंबऱ्याशी आले होते. आत वाकळ पुरी झालेली होती, मधोमध तळहाताएवढा उंचवटा, त्याच्याभोवती तांदळाच्या दाण्यासारखे टाके. पोरं कडेला बसून मामांच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्यांच्या हातात गुळाचा खडा होता आणि कुणी खात नव्हतं.

मामांनी डबा खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण ते पोरांवर ओरडले नाहीत. नसीमला त्यांनी एवढंच विचारलं, वाकळेला जेवू घातलं का. नसीम म्हणाली, मामींनी घातलं. मामा म्हणाले, मग चांगलं झालं.

"पावणं, तुमचं काम झालं," मामी म्हणाल्या. "आता मला घरला सोडा."

"बाई, मुरगूडची गाडी गेली आता," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे नवलानं बघितलं. "मुरगूडला कशाला? तिथं कोण हाय आता माझं?"

मामांनी विचारलं, "मग कुटं सोडू तुमास्नी?"

"माझ्या घरला की. आमचं मालक येतील ड्यूटीवरनं. मुरगूड गाडीवर कंडक्टर हायती. मी त्या गाडीत जाऊन बसून बी बघितलं, पर दुसराच कोण कंडक्टर हुता. माझ्या हातचं असल्याबिगर जेवत न्हाईत ते. उपाशी बसलं असतील."

मला माझंच रडं आवरेना. इतके दिवस या बाई रोज संध्याकाळी ज्या घराकडे निघाल्या होत्या ते हेच होतं, आणि ज्याच्याकडे निघाल्या होत्या तो माणूस त्यांची वाट अडवून उसवत बसला होता.

मामा आत गेले. परसदार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मागं जाऊन रडत असतील, रडू दे. मी मामींचा हात धरून उभी राहिले. त्या मला समजावत होत्या की मालक रागीट नाहीत, फक्त उशीर झाला की त्यांच्या जिवाला घोर लागतो.

मग बोळाला वळसा घालून मामा पुढच्या दारानं आले. अंगावर खाकी कपडे होते. सदऱ्याची बटणं पोटावर लागत नव्हती म्हणून त्यांनी वरून पट्टा आवळला होता. डोक्यावर टोपी, खांद्याला जेवणाच्या डब्याची रिकामी पिशवी. एरवी आम्ही हसलो असतो. त्यांनी पायरीवर वहाणा झाडल्या आणि म्हणाले, "आलो गं."

मामींनी माझा हात सोडला. पुढं होऊन त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, आणि हातातलं बोचकं सरळ फळीवर ठेवून दिलं. "आज लई उशीर केलासा," त्या म्हणाल्या.

"गाडी पंक्चर झालती."

"दमलासा?"

"न्हाई," मामा म्हणाले, आणि खांब धरला.

मामींनी पाय धुवायला पाणी आणून दिलं. तांब्या ठेवता ठेवता त्यांचं लक्ष वाकळेकडे गेलं. त्या खाली बसल्या, तिच्या पोटावरून हात फिरवला आणि जरा आवाज खाली करून नवऱ्याला सांगू लागल्या. "त्या पावण्यांची वाकळ झाली बघा. लई बिचारं माणूस हाय. घरात बाईमाणूस न्हाई, कोण विचारणारं न्हाई. मला रोज बाई म्हणत्यात, जेवला का इचारत्यात. थंडीचं ह्या एका वाकळंवर कसं भागवतील की. उद्या परत जाऊ व्हय? आणिक एक घालून देते त्यास्नी."

मामांनी टोपी काढली नाही. मान फिरवून ते घंटेच्या सुतळीकडे बघत राहिले.

"जा की," ते म्हणाले. "लई एकटं हाय ते."

मी पोरांना खुणेनं उठवलं, बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं.